मैदानाची बैठक, नाटकगृहाची घंटा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना नाटकाचा आणि कुस्तीचा सारखाच नाद होता, असं संयोजकांच्या पत्रात लिहिलं होतं. पत्राखाली सूचनाही होती, की विषय ‘ऐतिहासिक शहर आणि पर्यटन’ असा काहीतरी घ्यावा. पर्यटन हे माझं क्षेत्र नव्हे. मी नाटकांची प्रकाशयोजना करणारा माणूस. शहरात गेलो की माझं लक्ष छताकडं, विंगांकडं आणि शेवटच्या रांगेकडं जातं. त्यामुळं आज मी कोल्हापूरबद्दल बोलणार आहे, तेही अर्ध्या कोल्हापूरबद्दलच. देऊळ, राजवाडा, गड यांच्याबद्दल माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे इथं पुष्कळ आहेत. या शहरानं बसून काय पाहिलं, कुठं बसून पाहिलं आणि आता ती बसायची जागा कोणाच्या ताब्यात आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्याचा दिवस ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईची रांग. मग न्यू पॅलेस. तिथं भुसा भरलेले वाघ, तलवारी, बंदुका. दुपारी तांबडा-पांढरा. चप्पल घ्यायची, गूळ घ्यायचा, उन्हं उतरली की रंकाळ्याच्या कठड्यावर बसून भेळ खायची आणि दिवेलागणीला गाडी हायवेला. काही जण जोतिबा करतात, काही कणेरी मठावरचं ग्रामजीवनाचं संग्रहालय. या सगळ्यात वाईट काही नाही. पण ज्या शहराला ‘कलापूर’ म्हणवून घेण्याची हौस आहे, त्या शहरात पाहुणा बारा तास काढतो आणि एकही खेळ न पाहता जातो. नाटक नाही, गाणं नाही, कुस्ती नाही. संध्याकाळ सुरू व्हायच्या आत तो गेलेला असतो. आणि खेळाच्या शहराची खरी ओळख संध्याकाळीच होते.

देवळापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर खासबाग आहे. तिथं दोन वास्तू पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. एक कुस्तीचं मैदान, दुसरं नाट्यगृह. दोन्ही राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतली, तीन वर्षांच्या अंतरानं. मैदान 1912 सालचं, पॅलेस थिएटर 1915 सालचं. थिएटरला पुढं 1957 मध्ये संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. तांबड्या मातीतला खेळ आणि रंगवलेल्या पडद्यासमोरचा खेळ एकाच आवारात वाढावेत, ही कल्पना एखाद्या संस्थानिकाला 1912-15 मध्ये सुचावी याचं मला अजून अप्रूप वाटतं. त्या काळातले बहुतेक संस्थानिक करमणुकीवर खर्च करत नव्हते असं नाही. पण ती करमणूक त्यांच्या वाड्यात व्हायची, त्यांच्या पाहुण्यांसाठी.

1902 साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी इंग्लंडला गेले. त्याच प्रवासात युरोपात फिरताना त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि परतल्यावर तसं मैदान कोल्हापुरात उभं करायचं मनावर घेतलं, ही हकिकत इथल्या प्रत्येकाला पाठ आहे. मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवणारा जाहीरनामा निघाला तोही त्याच वर्षी, जुलैमध्ये, महाराज परदेशात असतानाच. या दोन गोष्टी मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे, त्यांच्याकडं पुन्हा येईन.

आता मैदानाकडं जरा जवळून पाहू. खासबाग ही एक मोठी वाटी आहे. मधोमध कुस्तीचा हौदा, सगळीकडून उतरत आलेली बैठक. पंचवीस-तीस हजार माणूस बसलं तरी शेवटच्या फळीवरच्याला हौद्यातली पकड दिसते, कारण पुढच्याचं डोकं मागच्याच्या नजरेच्या खाली राहतं. आजच्या भाषेत याला दृष्टिरेषा म्हणतात आणि ती साधण्यासाठी आम्ही संगणक घेऊन बसतो. मी आजवर कितीतरी नव्या सभागृहांत काम केलं आहे. पाचव्या रांगेतल्या माणसाला नटाचे पाय दिसत नाहीत, बाल्कनीतल्याला रंगमंचाचा मागचा तिसरा हिस्सा दिसत नाही, असे नमुने मी कोट्यवधी खर्चून बांधलेल्या इमारतींत पाहिले आहेत. एका शहरात तर सामान आत घ्यायचं दार इतकं अरुंद, की सेट टेम्पोतून उतरवून बाहेरच सुटा करावा लागला आणि पहिली घंटा झाली तेव्हा सुतार अजून खिळे ठोकत होते. ज्यांनी ती इमारत बांधली त्यांनी आयुष्यात एकदाही सेट उतरवलेला नव्हता. खासबागेच्या आराखड्यामागं मात्र कुस्ती कशी पाहिली जाते हे जाणणारं डोकं होतं.

कुस्ती पाहिली जाते कशी? ज्यांनी मैदान पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. हौद्यातली माती म्हणजे रस्त्यावरची माती नव्हे. ती चाळून घेतात, तीत ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर मुरवतात, ती उकरून भुसभुशीत ठेवतात. मैदान दुपारी सुरू होतं ते पोरांच्या जोडांनी. एकाच वेळी हौद्यात तीन-तीन, चार-चार कुस्त्या चाललेल्या असतात आणि ज्याच्या गावचं पोरगं आहे तो गाव त्या कोपऱ्यात ओरडत असतो. हलगी घुमत असते. निवेदक माईकवरून कुणाचं बक्षीस, कुणाची तालीम, वस्ताद कोण, वडिलांनी कोणाला आस्मान दाखवलं होतं, अशी अख्खी वंशावळ सांगत असतो. ऊन कलतं तसे जोड मोठे होत जातात. मोठा पैलवान उतरला की आधी मातीला हात लावून तो कपाळाला नेतो, मूठभर माती समोरच्याच्या अंगावर टाकतो, समोरचाही तेच करतो. घामानं हात निसटू नये म्हणून. म्हणजे लढत सुरू होण्याआधी दोघं एकमेकांच्या पकडीची सोय करून देतात. मग खडाखडी. आणि त्या वेळी पंचवीस हजार माणसं गप्प होतात. ढाक लागली, घिस्सा बसला, की तीच माणसं पायावर उभी. निकाली कुस्तीत गुणांचा हिशेब नसतो. पाठ मातीला लागली की निकाल, आणि तो सगळ्यांना एकाच क्षणी दिसतो. पंचानं हात वर करायच्या आधी मैदानानं निकाल दिलेला असतो.

मैदानाच्या पहिल्या मोठ्या लढतीत गामा पैलवानाचा भाऊ इमामबक्ष उतरला होता. म्हणजे सुरुवातीपासूनच हिंदुस्थानभरचे मल्ल इथं यायचे, काही इथंच राहायचे, आणि त्यांना पाहून गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत पोरं घडायची. 1959 साली पहिला हिंदकेसरी झाला तो कोल्हापूरच्या तालमीतला, श्रीपती खंचनाळे. 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांना ऑलिंपिकला पाठवता यावं म्हणून प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण टाकलं. हे पैलवान फक्त खुराकावर तयार झाले नाहीत. डाव ओळखणारा, खोटी कुस्ती क्षणात पकडणारा, आणि हरलेल्या पण झुंजलेल्या पोराच्या हातात नोट ठेवणारा प्रेक्षक त्यांना मिळाला. तो प्रेक्षक बसवायला जागा होती.

कलोसियमबद्दल एक आडवाटेचं. कोल्हापूरचा रोमशी संबंध शाहू महाराजांपासून सुरू होत नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940च्या दशकात सापडलेल्या वस्तूंमध्ये पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची ब्राँझची छोटी मूर्ती आहे, रोमन व्यापाराबरोबर इथवर आलेली. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ती पाहता येते. समुद्रापासून इतक्या आत, घाटमाथ्यावर, पंचगंगेच्या काठी समुद्राचा देव. टाऊन हॉलची बागही छान आहे, आत गर्दी नसते. पाहुण्यांच्या दिवसात न्यू पॅलेसऐवजी एक तास इथं घातला तर माझी हरकत नाही. अर्थात न्यू पॅलेसवाले नाराज होतील.

पण रोममधून महाराजांनी काय आणलं आणि काय मागं ठेवलं, हे महत्त्वाचं. कलोसियममध्ये माणसं आणि जनावरं मारली जायची. महाराजांनी तिथला आकार आणला, मरण नाही. आणि तरी कोल्हापुरात मरणाचा खेळ अगदीच नव्हता असं म्हणता येणार नाही. साठमारी तुम्हाला ठाऊक आहे. माजावर आलेल्या हत्तीला डिवचायचं आणि तो अंगावर आला की दगडी बुरुजाच्या चिंचोळ्या फटीतून पलीकडं सटकायचं. माणूस मावेल, हत्तीचं डोकं मावणार नाही, एवढीच ती फट. ज्या भागात हे चालायचं त्याचं नाव अजून साठमारीच आहे. जुनं ते सगळं पुन्हा सुरू करावं असं म्हणणारे लोक वारसा समितीत भेटतात. त्यांनी एकदा त्या फटीसमोर उभं राहावं. काही करमणुकी बंद पडल्या हे बरं झालं. वारसा सांभाळायचा म्हणजे निवडायचं, आणि निवडताना नाही म्हणायची तयारी ठेवायची.

आता भिंतीच्या पलीकडं, नाट्यगृहात.

पॅलेस थिएटर बांधलं गेलं ते संगीत नाटकाच्या ऐन भरात. प्रेक्षागृहात नजरेच्या आड येणारा खांब नव्हता, ही त्याची ख्याती. म्हणजे मैदानाचंच तत्त्व छपराखाली आणलेलं. त्या काळातल्या इतर थिएटरांत खांबामागची खुर्ची स्वस्तात विकायची चाल होती आणि तिथं बसलेला प्रेक्षक मान एकदा उजवीकडं, एकदा डावीकडं करत पाच अंक काढायचा. माईक नव्हते. नटाचा आवाज शेवटच्या रांगेला पोचायचा तो छताची उंची, लाकडाचा वापर, भिंतींचा कोन यांच्या जोरावर. आजचे गायक-नट कॉलरला माईक लावून गातात, त्यात चूक काहीच नाही. पण ज्या वास्तूला माईकची गरज नव्हती तिथं माईक लावून प्रयोग करताना मला नेहमी थोडा संकोच वाटायचा.

ज्यांचं नाव या नाट्यगृहाला आहे ते केशवराव भोसले 9 ऑगस्ट 1890ला कोल्हापुरात जन्मले. घरची गरिबी, वडील लवकर गेलेले. चार-पाच वर्षांचं पोर नाटक मंडळीत दाखल झालं आणि ‘शारदा’ नाटकातली शारदा म्हणून महाराष्ट्रभर गाजलं. 1908 मध्ये हुबळीला त्यांनी स्वतःची ललितकलादर्श मंडळी काढली, तेव्हा त्यांना अठरावं वर्ष चालू होतं. 8 जुलै 1921ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे मालक एका रंगमंचावर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबरला, विषमज्वरानं केशवराव गेले. वय एकतीस.

ललितकलादर्शच्या पडद्यांवर काम करणारे आनंदराव आणि बाबूराव हे मेस्त्री बंधूही कोल्हापूरचेच. पुढं दोघांनाही ‘पेंटर’ हेच आडनाव चिकटलं. रंगवलेल्या पडद्यावर राजवाडा खरा वाटावा, रस्ता खोलवर गेल्यासारखा दिसावा, यासाठी जी नजर लागते ती घेऊन बाबूराव सिनेमाकडं वळले. आनंदराव 1916 मध्ये गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या साथीनं कॅमेरा स्वतः बनवला, गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा घातला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीची ‘सैरंध्री’ 1920 मध्ये पडद्यावर आली. त्याच कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी 1929 मध्ये प्रभात काढली आणि चार वर्षांनी ती पुण्याला नेली. तानीबाईंचं नाव या साखळीत फार कमी घेतलं जातं. कोल्हापूरच्या कलामहर्षींबद्दल बोलताना आपण दर वेळी बाबूरावांवर थांबतो. पैसा एका गाणाऱ्या बाईचा होता, हे निदान या व्याख्यानाच्या छापील प्रतीत राहावं.

सिनेमागृहांबद्दल थोडक्यात. व्हीनस, उमा, पद्मा ही नावं आता मुख्यतः पत्त्यात उरली आहेत. रिक्षावाल्याला ‘व्हीनस कॉर्नर’ सांगितलं की तो नेऊन सोडतो, कोणता सिनेमा लागलाय हे विचारत नाही. प्रत्येक जुन्या शहरात हे झालं आहे, त्यावर मी गहिवरून बोलणार नाही. पडद्याचा धंदा होता, तो बदलला.

आता 1902च्या त्या दोन गोष्टी, कलोसियम आणि जाहीरनामा. महाराजांनी मैदान आणि थिएटर बांधलं हे आपण कौतुकानं सांगतो, पण ‘सगळे एकत्र बसले’ असं जे पुढं जोडून देतो ते जरा जपून बोलायला हवं. 1919 मध्ये महाराजांना हुकूम काढावे लागले, की शाळा, दवाखाने, पाणवठे, धर्मशाळा अशा सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळायची नाही. म्हणजे मैदान उघडून सात वर्षं झाली होती आणि तरी हुकमाची गरज होती. त्याच सुमाराची गंगाराम कांबळ्यांची गोष्ट. महाराजांच्याच पदरी नोकरीला असलेल्या या माणसाला पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून चाबकाचे फटके बसले. महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढायला मदत केली. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही प्यायला लावू लागले. हॉटेलाचं नाव ‘सत्यसुधारक’. शहरातल्या ऐतिहासिक करमणुकीच्या जागांची यादी करायची झाली तर मी त्या चहाच्या हॉटेलाला खासबागेच्या बरोबरीनं धरीन. जागा बांधणं पैशानं होतं. तिथं कोण कोणाशेजारी बसणार, हे सत्ता असलेल्या माणसाला स्वतः जाऊन बसून दाखवावं लागतं.

बायकांचंही तेच. खासबागेच्या बैठकीवर बायका कितीशा दिसायच्या? आज जिल्ह्यातल्या मुली मातीत आणि मॅटवर उतरतात, पदकं आणतात, त्यांच्या आया-बहिणींना मैदानात बसून कुस्ती पाहायची असते. स्वच्छतागृहं, उजेड, जायची-यायची वाट, एवढं नीट केलं तर त्या येतील. सोयीचा प्रश्न आहे, संस्कृतीचा बाऊ करायचं कारण नाही.

8 ऑगस्ट 2024च्या रात्री नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर खाली आलं, रंगमंच, पडदे, खुर्च्या गेल्या, दर्शनी दगडी भिंत उभी राहिली. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणाऱ्यांत मोठे नट होते आणि पडदा ओढणारे, बुकिंगच्या खिडकीत बसणारे, बाहेर चहा विकणारेही होते. आग लागली कशी यावर मी बोलणार नाही, तो तपासाचा भाग. सरकारनं निधी जाहीर केला, पुनर्बांधणी हाती घेतली गेली, आणि ‘जसं होतं तसं’ हे शब्द सगळ्यांच्या तोंडी आले.

जसं होतं तसं म्हणजे कसं? 1915 सारखं की 7 ऑगस्ट 2024 सारखं? मधल्या शंभरावर वर्षांत त्या वास्तूत पंखे आले, दिवे आले, खुर्च्या बदलल्या, ध्वनियंत्रणा आली. दगडाला दगड लावता येतो, तसबीर पाहून कमानही घडवता येते, आणि ते काम जाणकारांनी मन लावून करावंच. मला काळजी आहे ती दगडापलीकडची. नाट्यगृह बांधून होईल, फीत कापली जाईल, दर्शनी भागावर रंगीत दिवे सोडले जातील, लोक उभे राहून सेल्फी काढतील. आणि मग एखाद्या हौशी संस्थेचा सेक्रेटरी तारीख मागायला जाईल तेव्हा त्याला भाड्याचा आकडा सांगितला जाईल. तो परत येईल आणि शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग करील. हे मी इतर शहरांत घडताना पाहिलं आहे. नूतनीकरणानंतर भाडं वाढतं, भाडं वाढलं की नाटक जातं, आणि तारखा लग्नाच्या स्वागत समारंभांना, कंपन्यांच्या मेळाव्यांना नि पुढाऱ्यांच्या सत्कारांना जातात. इमारत ताठ उभी असते. कागदोपत्री वारसा जपलेला असतो.

जळालेली जागा पुन्हा उभी करणं या शहराला नवीन नाही. 1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. भालजींनी तो पुन्हा उभा केला तो चित्रपट काढण्यासाठी. पाहायला येणाऱ्यांसाठी नव्हे.

उलट उदाहरण रंकाळ्याकाठी आहे. शालिनी पॅलेस 1931 ते 34च्या दरम्यान बांधला गेला. काळा दगड, इटालियन संगमरवर. पुढं 1987 मध्ये तिथं हॉटेल झालं, आणि तेही बंद पडलं. आता तो बाहेरून पाहायचा. कठड्यावर भेळ खाणाऱ्याच्या फोटोत तो मागं छान येतो. त्याच्याबद्दल शहरातल्या कुणाला काही आठवत नाही, कारण शहरातलं कुणी तिथं कधी गेलंच नव्हतं. खासबागेतल्या राजाभाऊंच्या भेळेच्या गाडीबद्दल मात्र तासभर बोलणारी माणसं प्रत्येक पेठेत सापडतील.

आणि कणेरी मठाचं संग्रहालय. काम कसबी आहे, सिमेंटचे बलुतेदार इतके हुबेहूब की पोरं हात लावून पाहतात. सहली येतात, तिकिटं फाटतात, व्यवस्था चोख. मला तिथं एवढंच खटकतं, की कुंभाराचा पुतळा बघून बाहेर पडलेल्या पाहुण्याला कोल्हापुरातली कुंभार गल्ली कुणी सांगत नाही. पुतळे दाखवणं सोपं असतं. ते वेळेवर हजर असतात.

पाहुण्यांसाठी वेगळी करमणूक उभारायची घाई सध्या सगळ्याच जुन्या शहरांना झाली आहे. लेझर शो, ध्वनिप्रकाश, संगीत कारंजी. मी प्रकाशाचाच धंदा करतो, तेव्हा या कामांचे पैसे कधी कधी माझ्याही घरी येतात. तरी सांगतो, ती यंत्रं पाच-सात वर्षांत थकतात, सुटे भाग मिळत नाहीत, आणि शहरातला माणूस तो खेळ एकदाच पाहतो. ज्या खेळाला गाववाला दुसऱ्यांदा येत नाही तो पाहुण्यालाही फार दिवस धरून ठेवत नाही.

गाववाला पुन्हा पुन्हा कुठं जातो, ते बघायचं असेल तर फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर जा. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा ही नावं वाचून परगावच्या माणसाला वाटेल कुस्तीचा कार्यक्रम आहे. तालमींचेच हे फुटबॉल संघ. पेठापेठांतली ईर्षा हौद्यातून निघून हिरवळीवर गेली, नावं तीच राहिली. सामना असला की दुपारी पेठ रिकामी. गोल चुकला तर मैदानातल्या पोराला त्याच्या आजोबांच्या नावानं शिव्या बसतात, कारण आजोबाही त्याच तालमीकडून खेळलेले असतात. हुल्लडबाजी होते, मधूनमधून दगडही पडतात, त्याचं समर्थन मी करत नाही. पण महाराष्ट्रात स्थानिक फुटबॉलला एवढा माणूस दुसरीकडं कुठं जमतो ते मला दाखवा. एकाही पर्यटन पत्रकात या स्टेडियमचं नाव मी वाचलेलं नाही. खासबागेवर बसणारा तो प्रेक्षक गेला कुठं, असं हळहळून विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच आहे, की तो शाहू स्टेडियमवर बसलाय आणि घसा बसेपर्यंत ओरडतोय.

म्हणून मला वाटतं, शहरवासीयांना जिथं परवडतं, जिथं त्यांचं येणं-जाणं आहे, तीच जागा पाहुण्याला दाखवावी. पाहुण्याला एक खुर्ची सरकवून द्यावी, त्याच्यासाठी दुसरं घर बांधू नये. हे व्हायला फार पैसा लागत नाही. अंबाबाईच्या चारही दरवाजांबाहेर एक फळा लावता येईल. आज संध्याकाळी नाट्यगृहात काय आहे, खासबागेत मैदान कधी आहे, देवल क्लबात गाणं आहे का, स्टेडियमवर कोणाचा सामना आहे. भक्तनिवासात उतरलेल्या नांदेडच्या नाहीतर बेळगावच्या कुटुंबानं तो फळा वाचला आणि त्यांतल्या दोघांनी जरी संध्याकाळी तिकीट काढलं, तरी गाडी हायवेला लागण्याऐवजी एक रात्र शहरात राहील. त्याचा फायदा हॉटेलवाल्यांना, रिक्षावाल्यांना, जेवणाच्या खानावळींना होईल. पर्यटन खात्याला आकडे हवे असतात, तेही मिळतील.

खासबागेबद्दल मागणं छोटं आहे. वर्षात दोन-चार मोठी मैदानं होतात, बाकी दिवस हौदा रिकामा. दर रविवारी सकाळी तालमीच्या पोरांच्या चटकदार कुस्त्या लावल्या, दहा-वीस रुपयांचं तिकीट ठेवलं, तर वस्तादांना पोरं तपासायला मंच मिळेल आणि माती उकरली जाईल. न उकरलेली माती दगडासारखी होते, तिच्यावर कुस्ती लागत नाही. पावसाळ्याचे चार महिने सोडून द्या. बाकीचे आठ महिने आहेत.

आणि नाट्यगृहाबद्दल. ते महापालिकेचं आहे, म्हणजे या सभागृहात बसलेल्या करदात्यांचं आहे. पुनर्बांधणीची चर्चा होते तेव्हा वास्तुविशारद बोलतात, पुढारी बोलतात, ज्येष्ठ कलावंत बोलतात. माझी विनंती आहे की सेट लावणाऱ्या दोन सुतारांना, पडदा सांभाळणाऱ्या एका माणसाला, एका वेशभूषाकाराला आणि तिकीटबारीवर आयुष्य काढलेल्या एका कारकुनाला त्या बैठकीत बसवावं. बायकांच्या रंगपटाला आतून कडी हवी, सामानाच्या दारापर्यंत टेम्पो मागं लागला पाहिजे, आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट नाटकाच्या तालमीच्या दिवशीही उघडी पाहिजे, हे ते सांगतील. दुसऱ्या कुणाच्या ते ध्यानात येणार नाही.

त्याबरोबर एक कागद छापावा. वर्षातल्या किती तारखा हौशी नाटकाला, किती राज्य नाट्य स्पर्धेला, किती संगीताला, किती शाळांच्या संमेलनांना, आणि प्रत्येकाचं भाडं किती. सत्कार-समारंभांना राहिलेल्या तारखा. हा कागद उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिकेआधी लोकांच्या हातात यावा. त्यातला एकेक आकडा काय असावा याबद्दल माझी मतं आहेत, तुमचीही असतील, आणि समोर पहिल्या रांगेत बसलेल्या दोन संस्थाचालकांची तर नक्कीच आहेत. संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे, तो आपण भाड्याच्या आकड्यांवर घालवू.